डोक्यापुरता ताळा

तिला ऑफिसात सगळे मोजणी म्हणत, कारण ती जिना चढताना पायऱ्या मोजायची आणि उतरताना पुन्हा मोजायची. पायऱ्या कमी-जास्त निघतील असं तिला वाटायचं अशातला भाग नाही. पण निघाल्याच, तर ते तिला कळलं असतं आणि इतरांना कळलं नसतं, एवढंच. अशा मुलीला डेटाबेसच्या पोटात नोकरी लागली यात नवल नव्हतं.

तिथलं काम असं. माहिती पानापानांवर ठेवलेली असते. पान ठेवताना त्यावरच्या अक्षरांची एक बेरीज करून तीही पानावर लिहून टाकायची. उघडताना बेरीज पुन्हा करायची. जुळली तर पान शाबूत. नाही जुळली तर मधल्या काळात यंत्रातल्या तबकडीने, विजेने किंवा नुसत्या वयाने त्यावर हात मारलेला आहे. शाळेत गणिताचा ताळा करतात ना, तसाच हा ताळा. ऑफिसात त्याला चेकसम म्हणत, म्हणजे सोपी गोष्ट जरा पगारी वाटते.

ताळ्याच्या रीती दोन होत्या. नवी रीत अख्खं पान तपासायची. जुनी रीत पानावर दोन बेरजा लिहायची, एक डोक्याची आणि एक अंगाची. पण उघडताना पहिली सव्वीस अक्षरं, म्हणजे डोकं तेवढं बघायची आणि ‘जा आत’ म्हणायची, टोपी पाहून माणूस सोडणाऱ्या दरवानासारखी. ‘वेगासाठी’ असं माहितीपुस्तकात छापलं होतं. ही जुनी रीत शुक्रवारी कायमची काढायची होती. काढणार होती मोजणी. आणि तीस वर्षांपूर्वी ती लिहिली होती मोजणीच्या बाबांनी.

“काढ की,” बाबा जेवताना म्हणाले. “सगळेच निवृत्त होतात. मी नाही झालो?”

“तुम्हाला निरोपसमारंभ तरी मिळाला.”

“घड्याळ मिळालं. बंद होतं.”

“सगळी जुनी पानं नव्या रीतीत आणली, बाबा. दोनशे बारा तेवढी अडलीत. डोक्याची बेरीज जुळते, अंगाची नाही. सगळी एका वेधशाळेची आहेत. उद्या तिथे जातेय.”

बाबांनी चमचा खाली ठेवला. मग उचलला. मग पुन्हा ठेवला.

“उद्या मीही येतो तुझ्याबरोबर,” ते म्हणाले. “बऱ्याच दिवसांत आकाश बघितलं नाही.”

त्यांच्या घराला गच्ची होती.

वेधशाळा म्हणजे एका उंच इमारतीच्या माथ्यावरची काचेची खोली. मध्ये दाताच्या डॉक्टरकडे असते तशी मागे रेलणारी खुर्ची, आणि खुर्चीत ढगबाई. गेली तीस वर्षं त्या दिवसाला एक पान याप्रमाणे ढग लिहीत होत्या. त्या उठल्या नाहीत, कारण वर काहीतरी चाललं होतं.

“बसा,” त्या म्हणाल्या. “आवाज ऐकू येतोय मला. डोळे तेवढे कामात आहेत.”

मोजणीने खुर्चीशेजारी बसून लॅपटॉप उघडला आणि सगळं सांगितलं. शुक्रवारनंतर ही पानं बिघडलेली म्हणून कायमची बंद होतील. तिने मुकाट्याने नवा ताळा मारून दिला तर उघडतील, पण मग त्यात काही बिघडलेलं असलंच तर तेही कायमचं खरं ठरेल. ताळ्याला फक्त एवढंच कळतं की तो मारल्यापासून काही हललं का. त्याआधी काय झालं याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

“आणि माझं असंय,” ढगबाई म्हणाल्या, “ही खोली सलग नोंदीसाठी आहे. रोज एक पान पाहिजे, असा नियम. सात महिन्यांचं भगदाड पडलं तर खोलीला कुलूप लागेल. मी घरी जाऊन काय बघू? आमच्या खिडकीतून जावेची खिडकी दिसते.”

तेव्हा ठरलं असं की मोजणी एकेक पान मोठ्याने वाचेल आणि ढगबाई बरोबर की चूक ते सांगतील.

“दुपारी दोन. चादर झटकल्यासारखा, पण झटकणारे हात नाहीत.”

“बरोबर.”

“सकाळी दहा. बारीक बारीक, रांगेत, कुणाची तरी वाट बघत असलेले. अकराला कंटाळून गेले.”

“बरोबर. मीही कंटाळले होते.”

वाचता वाचता खोलीतला उजेड दुधाळ झाला. मोजणीने सहज वर पाहिलं, तर काचेवरून चादर चालली होती. तिच्यामागे रांग. वाचलेले ढग वाचल्याच्या क्रमाने वरून जात होते, घाई न करता, आपलं नाव पुकारल्यावर उठावं तसे. दोघंतिघं जरा उशिरा आले आणि त्यांनी रांग मोडली नाही. मोजणीने ही गोष्ट कुठे नोंदवली नाही, कारण तिच्या कामात ढगांसाठी रकाना नव्हता. बाबा भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरून सावल्या सरकत होत्या.

एकशे चाळिसाव्या पानाला गाडी अडली.

“दुपारी चार,” मोजणीने वाचलं. “हत्तीसारखा सुरू झाला, किटलीसारखा संपला. मधे सोंड आणि नळी कुठे वेगळी होते ते कळलं नाही.”

“बरोबर,” ढगबाई म्हणाल्या.

“बाई, हे फाटलेलं पान आहे. लिहिता लिहिता वीज जाते, मग अर्धं एका दिवसाचं राहतं, अर्धं दुसऱ्याचं. हत्ती एका दिवशीचा, किटली दुसऱ्या दिवशीची.”

“मंगळवार होता. मी बघितलाय.”

“बेरीज जुळत नाही ना पण.”

“मग तुमच्या बेरजेला विचारा, ती कुठे होती मंगळवारी.”

मोजणीने पान बाजूला काढलं. हे चूक, तर आधीच्या एकशे एकोणचाळीस ‘बरोबर’चं काय, असा प्रश्न आता खोलीत उभा राहिला. ढगबाईंनी पहिल्यांदाच वरचे डोळे खाली आणले. त्या रडणार नव्हत्या. त्यांनी फक्त खुर्चीचा हात घट्ट धरला, कुणी ओढून न्यायला आल्यासारखा.

“पान फाटलेलं नाही,” बाबा म्हणाले.

दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं.

“पानाच्या तळाशी एक शिक्का असतो, पानाचा क्रमांक. तो आधी मारायचा आणि मग अंगाची बेरीज करायची. मी आधी बेरीज केली आणि मग शिक्का मारला. म्हणजे पान नीट, बेरीज चूक. सात महिने असंच चाललं. मग वर्षअखेरीला लोकांनी मागची पानं काढली, तर उघडेनात. सगळीकडून फोन.”

“मग तुम्ही दुरुस्त केलंत.”

“पुढच्या पानांसाठी केलं, गुपचूप. मागच्या पानांसाठी...” बाबांनी चष्मा काढला आणि काय करावं ते न सुचून पुन्हा घातला. “मागच्यांना अंगाचं विचारायचंच बंद केलं. फक्त डोकं बघायचं. बाकीच्यांची पानं पुढे कधीतरी पुन्हा लिहिली गेली आणि बेरीज आपोआप सुधारली; ढग कोण पुन्हा लिहितो?”

“वेगासाठी,” मोजणी म्हणाली.

“लाजेपोटी. पण तसं माहितीपुस्तकात छापत नाहीत. वेगाबद्दल मला बक्षीस मिळालं, बाळ. मग तर सांगायची सोयच राहिली नाही.”

“साहेब,” ढगबाई म्हणाल्या, “म्हणजे तीस वर्षं माझा हत्ती तुमच्या अब्रूवर बसलाय?”

“सोंडेसकट,” बाबा म्हणाले.

मोजणी वडिलांवर चिडावं म्हणून थोडा वेळ थांबली. पण राग यायच्या आधी बोटं कामाला लागली होती. तळाचा शिक्का कोरा धरून तिने दोनशे बारा पानांच्या बेरजा नव्याने केल्या. हत्ती-किटली जुळली. चादर जुळली. रांग जुळली. दोनशे अकरा पानं जुळली.

उरलेल्या एका पानावर लिहिलं होतं, ‘आज ढग नाहीत.’ खाली सगळं कोरं.

“हे बिघडलंय,” मोजणी म्हणाली. “खरोखरचं. बेरीज म्हणते, या कोऱ्या जागेत काहीतरी होतं.”

“काय होतं?”

“ते बेरजेला कळत नाही. पुष्कळ होतं, एवढं कळतं.”

ढगबाई बराच वेळ वर बघत राहिल्या. तिथे आता आजचं आकाश होतं, कुणीच वाचून न दाखवलेलं.

“नियमात रोज एक पान हवं म्हटलंय,” त्या म्हणाल्या. “पानावर काय हवं ते म्हटलेलं नाही. तू लिही, पोरी. ‘सकाळी ढग नव्हते. नंतर पुष्कळ होतं. काय ते गेलं. बघितलं मात्र होतं.’”

मोजणीने शब्दन् शब्द लिहिला, आजची तारीखही घातली, म्हणजे कुणाला ते जुनं वाटू नये. मग त्यावर नवा ताळा मारला आणि बाकीच्या दोनशे अकरांवरही. जुन्या रीतीची पानं जगात किती उरली ते तिने लॅपटॉपला विचारलं. शून्य, असं उत्तर आलं.

“शुक्रवार उद्या आहे,” बाबा म्हणाले.

“थांबायचंय का?”

“नको. उद्या मी कारणं काढेन.”

तिने प्रोग्राममधल्या जुन्या रीतीच्या चाळीस ओळी निवडल्या आणि पुसल्या. बाबा ढगबाईंच्या खुर्चीवरून वाकून लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत राहिले, तिथे आता काही नव्हतं तरी.

“साहेब, सरका जरा,” ढगबाई खालून म्हणाल्या. “आजचा सुरू झालाय आणि तुमचं डोकं मधे येतंय.”