नातेवाइकांचा वर्ग

फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिच्या खांद्यावर अंगठा ठेवला आणि पिकलेलं फळ चाचपावं इतकाच दाब दिला. ती खुर्चीत आक्रसली.

"बघितलंत?" बाई समोर बसलेल्या, पेशंटांच्या नातेवाइकांना म्हणाल्या. "हे नाटक नाही. हिला खरंच दुखतं."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. हे एक वाक्य कुणा जाणत्या माणसाच्या तोंडून त्याच्या कानावर पडावं, एवढ्यासाठीच तिने त्याला आणलं होतं. सगळ्या तपासण्या निर्दोष आल्यापासून फायब्रोमायल्जिया हे तिच्या दुखण्याचं नाव तो जरा नाक मुरडूनच उच्चारायचा.

बाईंनी मग आजार समजावून सांगितला. स्नायूंना, सांध्यांना इजा झालेली नसते. दुखण्याचा निरोपच मेंदूला वाजवीपेक्षा मोठा ऐकू येतो. म्हणून थोडं काम, मग विश्रांती, पुन्हा थोडं काम. अंथरूण धरायचं नाही आणि उरापोटावर राबायचंही नाही. नवरा पुढे सरकून ऐकत होता. तो वायरमन होता.

"म्हणजे आग लागलेली नाही, नुसती धोक्याची बेल बिघडलीय," तो म्हणाला.

हशा पिकला. बाई खूश झाल्या; इतकी वर्षं शिकवतेय, पण इतकं सोपं करून मलाही सांगता आलं नव्हतं, म्हणाल्या. परतताना त्याने तिची पिशवी आपणहून हातात घेतली. तिला फार बरं वाटलं.

दोन-चार दिवसांनी ती ओल्या चादरींची बादली गच्चीवर नेत होती. अर्ध्या जिन्यात दंडापासून बोटांपर्यंत कुणी पिळून काढावं तसं झालं. तो खाली दारात बसून बूट पुसत होता.

"अहो, जरा घेता का?"

"बेल वाजतेय," तो शांतपणे म्हणाला. "वाजू दे. आग नाहीये."

बाईंनी विश्रांतीही सांगितली होती, असं ती म्हणाली. विश्रांती कामानंतर, तो म्हणाला, आणि काम तर अजून जिन्यातच उभं आहे. आमच्या वेळी अंगात असली बेल कुणी बसवून देत नव्हतं, म्हणून संसार झाले, असं सासूबाई आतून म्हणाल्या.

पूर्वी तो चिडायचा. सोंगं आहेत म्हणायचा, दार आपटायचा. मग ओशाळून, तिच्याकडे न बघता, बादली स्वतःच वर नेऊन ठेवायचा. आता तो चिडत नव्हता. त्याला कळलं होतं. ती आडवी झाली की तो पलंगाशी येऊन "हालचाल" एवढंच म्हणायचा आणि ती उठेपर्यंत तिथेच उभा राहायचा. तिच्या आईलाही त्याने फोनवर सगळं नीट समजावलं. चार दिवस माहेरी पडायला ये म्हणणारी आई आता म्हणाली, जावई सांगतात ते ऐकत जा, अंथरुणाची सवय वाईट.

बाईंना सांगावं, असं तिच्या मनात आलं. पण सांगायचं काय? तो बाईंचीच वाक्यं बोलत होता.

पुढच्या वर्गात बाईंनी नव्या लोकांपुढे त्यालाच उभं केलं. तो छान बोलला. मनापासून बोलला.

"मी हिच्यावर विश्वास ठेवला नाही, याची मला लाज वाटते," तो म्हणाला. "दुखणं खरं आहे, हे घरच्यांनी आधी मान्य केलं पाहिजे."

बाईंनी चष्मा काढून पुसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही हात मांडीवरून उचलले आणि वाजवल्या.

शेजारी एक नवी मुलगी बसली होती, लग्न होऊन फार दिवस झालेले नसावेत. ती हळूच कलली.

"ताई, नशीबवान आहात. आमचे हे सोडायला आले, पण खालीच थांबलेत. वर येता का म्हणून पुन्हा विचारू का?"

तिने मुलीकडे पाहिलं.

"तू आडवी झालीस की काय करतात गं?"

"चिडतात," मुलगी म्हणाली. "चार शब्द बोलतात, मग भांडी आदळत स्वतःच घासतात."

नवरा टाळ्या घेत खुर्च्यांमधून तिच्याकडे येत होता. त्याला बसता यावं म्हणून तिने खुर्चीवरची पिशवी उचलली.

"मग राहू दे त्यांना खालीच," ती म्हणाली.