यजमान बसत नसतो

चीनच्या बाजारात शिरू पाहणाऱ्या छोट्या निर्यातदारांना सरकार मदत करतं, हे कळल्यावर तिहोमीरने आधी दाराला कडी लावली. सरकार आपणहून काही द्यायला येतं, असं त्याने उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. पण या वेळी खरंच मिळालं. राजधानीत, बेलग्रेडला, शिबिर झालं, व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी कसं द्यायचं याचा सराव झाला, आणि चिनी भाषेतलं एक गुळगुळीत माहितीपत्रक हातात पडलं. त्यात तिहोमीरच्या भट्टीत धुरावर सुकवलेल्या आलुबुखारांबद्दल लिहिलंय, असं सगळे म्हणत. फोटो तरी आलुबुखारांचाच होता.

मग ही मदत देणाऱ्या सरकारी कार्यालयाने चिनी खरेदीदारच गावी धाडायचं ठरवलं. तारीख निघाली आठ नोव्हेंबर.

"त्या दिवशी आमच्या घरच्या संताचा सण, पोरी," तिहोमीर फोनवर म्हणाला. "अख्खं गाव जेवायला येतं."

"माहीत आहे हो काका, आमच्याही घरी त्याच दिवशी असतो," कार्यालयातली याद्रांका म्हणाली. "पण दौऱ्यावर मंत्रालयाचा शिक्का बसलाय. संताला शिक्का नसतो. त्यालाच जरा सरकवता आलं तर?"

"विचारून सांगतो," म्हणून तिहोमीरने फोन ठेवला. संत काही सरकला नाही.

तिहोमीरला चीनचं एवढं कौतुक नव्हतं. त्याला घोर होता तो मुलीचा. नेवेंकाला ऑस्ट्रियात, लिंत्सला, नोकरी मिळाली होती. "चीनची ऑर्डर आली तर राहते, नाहीतर नवीन वर्षानंतर निघते," असं तिने बापाला सांगितलं होतं. तेही न चिडता. चिडून म्हणाली असती तर त्याला झोप तरी लागली असती.

सणाच्या दिवशी याद्रांका खरेदीदाराला, श्रीमान शूंना, घेऊन आली. त्यांनी भट्टीत डोकं घातलं, आलुबुखार हुंगलं, चावलं, मान डोलावली. इथवर छान. मग सगळे जेवायला बसले. तिहोमीर खांद्यावर टॉवेल टाकून, हातात राकियाची, घरच्या फळांच्या दारूची, बाटली घेऊन पाहुण्यांच्या मागे उभा राहिला. सणाच्या दिवशी यजमान बसत नसतो. त्याचा बाप बसला नव्हता, आजाही बसला नव्हता.

गाव जेवू लागलं. श्रीमान शू मात्र मांडीवर हात ठेवून बसून राहिले. त्यांच्यासमोरच्या सुपावर साय धरली.

याद्रांकाने त्यांच्याशी चिनीत थोडं बोलून घेतलं आणि तिचा चेहरा उतरला. ती तिहोमीरच्या कानाशी लागली. "काका, बसा ना. घरातलं वडीलधारं माणूस उभं असताना ते घास घेणार नाहीत म्हणतात."

"आणि ते बसलेले असताना मी बसणार नाही म्हणावं."

"हे मी भाषांतर करून सांगू?"

"शिबिरात हे नाही शिकवलं?"

"शिबिरात कार्डापर्यंतच आलो होतो हो काका."

तिहोमीरने टेबलाच्या टोकाला बसलेल्या नेवेंकाकडे पाहिलं. मग श्रीमान शूंशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे; तिच्यापुढेही सूप वाढलेलं होतं. आजा काय म्हणेल ते वर गेल्यावर ऐकून घेता येईल. पोरगी एकदा लिंत्सला गेली की फोनवरच ऐकू येईल. त्याने खुर्ची ओढली. गावाचे चमचे थांबले.

"बाबा, थांबा."

नेवेंका उठून आली. तिने त्याच्या खांद्यावरचा टॉवेल काढून स्वतःच्या खांद्यावर टाकला, हातातली बाटली घेतली. "आता बसा. आज या घरची यजमान मी."

"मुलगी यजमान?" शेजारचा रादिसाव म्हणाला. "अहो, असं कधी झालंय?"

स्वयंपाकघरातून तिहोमीरची बायको स्तोयांका गरजली, "रादिसावभाऊ, तुम्हाला चार मुलगे! गेल्या सणाला चौघंही व्हिएन्नात. तुमच्या दारात उभं कोण होतं? कुत्रा!"

रादिसावने ग्लास पुढे केला. नेवेंकाने तो काठोकाठ भरला. न सांडता.

तिहोमीर बसला. लग्नानंतर पहिल्यांदाच तो या दिवशी खुर्चीत बसत होता, त्यामुळे हात कुठे ठेवायचे तेही त्याला कळेना. श्रीमान शूंनी त्याला हलकेच मान लववली आणि चमचा उचलला. दोघांनी एकदमच पहिला घोट घेतला. दोघांचंही सूप थंडगार.

"ऑर्डरचं काय म्हणतात?" त्याने याद्रांकाला विचारलं.

"घरी जाऊन कळवतील. मग आमचा अहवाल, मग वरची मंजुरी. वसंतापर्यंत काही सांगता यायचं नाही, काका."

म्हणजे नवीन वर्ष आधी येणार. तिहोमीरने चमचा खाली ठेवला. मागून नेवेंका दुसरी गरम वाटी घेऊन आली. तो मान न वळवता हळूच म्हणाला, "आणि लिंत्स?"

"त्यांना उद्या कळवते, येत नाही म्हणून," नेवेंका म्हणाली. "यजमान घर टाकून जातो का कुठे? खा आता. आणि पाहुण्यांना ब्रेड सरकवा, नुसते बसू नका."

तिहोमीरने ब्रेडची टोपली उचलली आणि श्रीमान शूंपुढे धरली. दोन्ही हातांनी, शिबिरात कार्ड द्यायला शिकवलं होतं तशी.