दादाच्या हातावरून शिकलेलं

जागच्या जागी सरळ वर उठणारं विमान हवेत तोलून धरावं ते दादानंच, असं कारखान्यात जो तो म्हणे, आणि ते ऐकून धाकटीला मूठभर मांस चढे. विमान सावरणारं सॉफ्टवेअर तिनं लिहिलं होतं. वैमानिकाचा हात आणि वारा ओळखत ते स्वतःला सुधारत जाई. आईवडिलांमागे दादानं तिला लहानाचं मोठं केलं होतं. आता या विमानाचं पहिलं उड्डाण तो तिच्या भरवशावर करणार, याहून मोठं सुख ते काय!

पण सुखाला दृष्ट लागलीच. सिम्युलेटरमध्ये दादा बसला की सॉफ्टवेअरची दमछाक होई. दुसरा वैमानिक बसला की ते कोऱ्या पाटीवरून त्याचा हात शिके आणि निवांत असे. तिनं स्टिक बदलली, तारा तपासल्या, स्वतःच्याच कामाला नावं ठेवली. उड्डाणाच्या आदल्या दिवशी मात्र मन घट्ट करून, दादा सिम्युलेटरमध्ये बसलेला असताना, त्याला न सांगता, तिनं सॉफ्टवेअरचं ते आपोआप सावरणं बंद केलं. पडद्यावरचं विमान भेलकांडलं आणि धाडकन आपटलं.

दादानं हाताकडे पाहिलं. हात थरथरत होता.

"कधीपासून रे?" तिनं विचारलं.

"शंका होती गं. पण विमान इतकं गुणी वागायचं, वाटलं मनाचे खेळ." मग तो चाचरत म्हणाला, "चिमणे, उद्या एकदाच. तुझं सॉफ्टवेअर घेतंय ना सांभाळून?"

जन्मात त्यानं तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. नाही म्हणताना तिचं काळीज तुटत होतं.

"त्याची सगळी ताकद तुझा हात सावरण्यातच जाते, दादा. जोराचा वारा आला तर काय उरणार?"

तेवढ्यात साहेब डोकावले. "काय, उद्याची तयारी झाली?"

"दादाला जरा बरं नाहीये," ती कशीबशी म्हणाली. "उद्या दुसऱ्याला बसवू."

"अर्धवट काय सांगतेस?" दादा तिच्यावर खेकसला. "साहेब, माझा हात कापतो. आणि उद्याच्या विमानात माझ्याच हातावरून शिकलेलं भरलंय. चिमणे, ते सगळं पुसून टाक. तसंच ठेवलंस तर नसलेली थरथर सावरायला जाऊन ते उद्याच्या वैमानिकाला पाडेल."

"आत्ता?"

"माझ्यासमोर."

तिनं पुसलं. दादानं पडद्याकडे नीट पाहून खात्री करून घेतली आणि म्हणाला, "शाब्बास." मग मात्र साहेबांची भीडभाड न ठेवता ती त्याच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली.