‘वर’ गिळलेली गोष्ट

मावशीची थाप अशी बेमालूम होती की तिला थाप म्हणायचीही पंचाईत. “आमची भाची डॉक्टर,” एवढंच ती लग्नाची बोलणी काढताना मुलाच्या आईला म्हणाली होती.

भाची टिश्यू पेपरच्या कारखान्यात होती. तिथे घराएवढा तापलेला रोल गरगर फिरतो. ओला कागद त्याला चिकटून वाळतो आणि एक लांब पोलादी पातं तो सोलून काढतं. मागचं दुसरं पातं रोलवर उरलेला चिकटा खरवडून काढतं. या पात्यांना तिथे सगळे ‘डॉक्टर’ म्हणतात. का, ते विचारायला कुणाला सवड नाही. झिजलेली पाती बदलणं हे भाचीचं काम. मावशीने एकदा फोन केला तेव्हा गेटवरचा माणूस म्हणाला, “ताई डॉक्टरवर आहेत.” मावशीने त्यातला ‘वर’ तेवढा गिळला.

आता मुलगा आणि त्याची आई समोर बसली होती. मुलगा शाळेत भूगोल शिकवायचा, आणि खरं सांगायचं तर भाचीला तो बघताक्षणी आवडला. घोटाळा तिथेच होता.

चहा संपला तशी मुलाच्या आईने मनगट पुढे केलं. “नाडी बघ गं जरा. हल्ली फार धडधडतं.”

मावशीने भाचीला कोपराने ढोसलं. मनगट धरून घटकाभर गंभीर चेहरा केला असता तर निभावलं असतं. पण तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

“काकू, नाडी खऱ्या डॉक्टरला दाखवा. मी कारखान्यात पाती बदलते. त्या पात्यांना डॉक्टर म्हणतात.”

“चेष्टा करते हं ही!” मावशी घाईघाईने म्हणाली.

“चेष्टा तू केलीस, मावशी. माझ्या कामाची.”

मग मुलानेच विचारलं, “पातं नाही बदललं तर?”

“मागचं पातं बोथट झालं की रोलवर थर साचतो. आधी दिसतही नाही. मग कागद भोकं पडूनच बाहेर येतो.” ती त्याच्या आईकडे वळली. “आणि हे काम मी सोडणार नाही. आत्ताच सांगते, नंतर कुणी तोंड वाकडं करायला नको.”

“कळवतो आम्ही,” म्हणत त्या उठल्या आणि तरातरा जिना उतरल्या.

“नाक कापलंस गं आमचं!” मावशी कपाळाला हात लावून बसली.

“मग धार चांगली आहे म्हणायची,” ती म्हणाली. मुलगा मात्र तिला खरंच आवडला होता.

तो अजून दारातच होता, बुटाची नाडी उगाच पुन्हा पुन्हा बांधत.

“उद्या तुम्ही डॉक्टरवर किती वाजेपर्यंत असाल?”

‘वर’ त्याने अगदी स्पष्ट उच्चारला होता.

“संध्याकाळपर्यंत,” ती म्हणाली. “गेटवर या. पण आईला सांगून या.”