परत म्हणजे वजा

कपाटापलीकडे पोरं पुन्हा खदखदून हसली, तशी उज्ज्वलाबाईंनी हातातला खडू खाली ठेवला.

सुरतेच्या डिंडोली भागातल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मधोमध एक लोखंडी कपाट उभं होतं. कपाटाच्या खिडकीकडच्या बाजूला उज्ज्वलाबाईंचा आठवीचा गणिताचा वर्ग, दाराकडच्या बाजूला अश्विनीचा. रविवारी सकाळी दोन्ही वर्ग एकाच वेळी भरत. उज्ज्वलाबाईंकडे पाच मुलं, अश्विनीकडे सव्वीस. दोन वर्षांपूर्वी अश्विनी मंडळात आली तेव्हा तिच्याकडे एकही नव्हतं. "बाई, तुम्हाला मदत करू का?" असं तिनंच येऊन विचारलं होतं आणि उज्ज्वलाबाईंनी मोठ्या मनानं आपल्या वर्गातली सहा व्रात्य पोरं तिला देऊन टाकली होती. त्या मोठ्या मनाची त्यांना आता रोज चीड यायची.

"दोन एक्स अधिक सात," पलीकडून अश्विनीचा आवाज आला. "ह्याची गोष्ट कोण सांगतंय? तुमच्या घरातली पाहिजे हं, पुस्तकातली नको."

"दीदी, मी! आमच्या दोन खोल्या. दोन्हीत सारखी माणसं. आणि गावाहून सात पाहुणे आलेत."

"मग ते गेल्यावर सात वजा करायचे?"

"ते जातच नाहीत दीदी! म्हणून तर अधिक!"

पुन्हा हशा. उज्ज्वलाबाईंच्या पाचांपैकी दोघं तोंडावर वही धरून हसत होती.

"इकडे लक्ष," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "वही काढा. डावीकडे शब्द, उजवीकडे चिन्ह. म्हणा. अधिक, जास्त, मिळाले?"

"बेरीज."

"पट, प्रत्येकी?"

"गुणाकार."

"हरवले, फुटले, दिले, परत?"

"वजा."

ही दोन रकान्यांची वही त्यांची स्वतःची. चौतीस वर्षं सुरतेतल्या मराठी शाळेत त्यांनी ती चालवली. तेव्हा एकेका वर्गात साठ-साठ मुलं असत आणि शाळेच्या भिंतीला लागून मागांचा कारखाना होता. यंत्रांचा खडखडाट दिवसभर चाले. पण साठ पोरं एका सुरात "परत म्हणजे वजा" म्हणायला लागली की तो खडखडाट ऐकू येईनासा होई. जळगाव, धुळे, नंदुरबारहून पोट भरायला आलेल्या घरांतली ती पोरं. शब्दांतलं उदाहरण दिसलं की घाबरून पेन चावत बसायची. त्या वहीनं त्यांना हिंमत दिली. आजही भाजी घेताना एखादा टक्कल पडायला लागलेला माणूस वाकून नमस्कार करायचा आणि म्हणायचा, "बाई, पट म्हणजे गुणाकार!" मग उज्ज्वलाबाईंना पुढचे दोन दिवस गोड जायचे.

आणि ही अश्विनी! त्याच शाळेतली, त्यांच्याच हाताखाली शिकलेली. आता एका खासगी शाळेत शिकवत होती, स्कूटरवरून यायची. मुलं तिला दीदी म्हणायची, ती क्षच्या जागी एक्स लिहायची आणि तिच्या वर्गात वही म्हणून नव्हतीच.

"तिथे अभ्यास होतच नाही," घरी जेवताना उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "नुसता तमाशा."

त्यांचे यजमान अशोकराव बँकेतून निवृत्त झालेले. आमटीत पोळी बुडवत ते म्हणाले, "मग तिची पोरं चाचणीत पुढे कशी गेली गं?"

"तुम्ही कोणाच्या बाजूचे आहात?"

"मी आमटीच्या बाजूचा आहे."

पुढच्या आठवड्यात मंडळाचे चिटणीस दत्तूभाऊ घरी आले. त्यांची दोन्ही मुलं उज्ज्वलाबाईंकडे शिकली होती, त्यामुळे ते खुर्चीच्या टोकावर बसले आणि चहा गार होईपर्यंत बोलायला तयार होईनात.

"बाई, तुमच्या शब्दाबाहेर आम्ही नाही," ते अखेर म्हणाले. "पण जूनपासून हॉलच्या एका बाजूला शिवणक्लास घ्यायचा म्हणतात बायका. आठवीचा वर्ग मग एकच राहील. तुम्ही का अश्विनी, ते... आईबापांनाच विचारावं म्हणतो."

वर्ग गेला तर रविवारी सकाळी साडी कशासाठी नेसायची, एवढाच विचार उज्ज्वलाबाईंच्या मनात आला. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "तोंडी विचारू नका. रविवारी आईबापांना बोलवा. अश्विनीनं माझ्या मुलांना एक प्रश्न घालावा, मी तिच्या मुलांना एक घालीन. कोणाची मुलं शिकली आहेत ते दिसेल सगळ्यांना."

"हे बेस्ट," दत्तूभाऊ म्हणाले आणि गार चहा एका घोटात पिऊन सुटले.

कोणता प्रश्न घालायचा, हे त्यांना शोधावं लागलं नाही. उज्ज्वलाबाईंची स्मरणशक्ती अशी की कोणत्या वर्षी कोणत्या मुलाच्या दप्तराचा बंद तुटला होता तेही त्या सांगत. अश्विनीच्या आठवीच्या वार्षिक पेपरातला पाचवा प्रश्न त्यांना काल लिहिल्यासारखा आठवत होता. नवागामच्या गल्लीतून जाताना उंबऱ्या-उंबऱ्यावर बायका साड्या मांडीवर घेऊन भरतकामाचे सुटे धागे कापत बसलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या आणि त्यावरून हा प्रश्न रचला होता. मुलांच्या जगण्यातला प्रश्न, म्हणून मुख्याध्यापकांनी तेव्हा कौतुकही केलं होतं. अश्विनीनं उत्तराच्या जागी नुसतं '३क्ष' लिहिलं होतं. कंस नाही, वजाबाकी नाही. चारपैकी शून्य. बीजगणितात पहिल्या येणाऱ्याला उज्ज्वलाबाई स्वतःकडून पितळी कंपासपेटी देत. त्या वर्षी ती पेटी तीन गुणांनी वर्गातल्या विकासला गेली. अश्विनी रडली नव्हती. तिनं पेपराची चौघडी केली आणि दप्तरात ठेवली.

जिला स्वतःला कंस जमला नाही, तिची पोरं काय दिवे लावणार?

रविवारी हॉल भरला. कपाट भिंतीला सरकवलं होतं. पुढे मुलं, मागे आईबाप. शेवटच्या रांगेत अश्विनीची आई शोभाबाई बसली होती. नवागामच्या त्याच गल्लीत राहणारी, अजूनही धागे कापणारी. उज्ज्वलाबाईंना पाहून तिनं दोन्ही हात जोडले आणि अहिराणीत विचारलं, "कशा शेतस बाई? पाय दुखतस का अजून?" उज्ज्वलाबाईंनी नुसती मान हलवली.

आधी अश्विनी उठली. उज्ज्वलाबाईंच्या पाच मुलांकडे पाहून तिनं विचारलं, "एका संख्येच्या पाचपटीत तीन मिळवले तर काय लिहाल?"

"पाच क्ष अधिक तीन!" पाचही जणांनी एका सुरात उत्तर दिलं. टाळ्या पडल्या. उज्ज्वलाबाईंची मात्र कानशिलं तापली. वहीच्या पहिल्या पानावरचं उदाहरण! अश्विनी त्यांना सांभाळून घेत होती. म्हाताऱ्या माणसाला जिना चढताना हात द्यावा तशी.

त्या उठल्या आणि फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'गल्लीतल्या तीन बायकांनी धागे कापायला प्रत्येकी क्ष साड्या घेतल्या. प्रत्येकीच्या दोन साड्या परत आल्या. तर तिघींनी मिळून किती साड्या पुऱ्या करून दिल्या?'

लिहिताना त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून अश्विनीकडे पाहिलं. अश्विनी प्रश्न वाचत होती. वाचून झाल्यावर तिनं मान खाली घातली. ओळखला तिनं, उज्ज्वलाबाई मनात म्हणाल्या, आणि त्यांना फार दिवसांनी बरं वाटलं.

"शीतल, तू ये," त्या म्हणाल्या.

दोन वेण्यांची शीतल पुढे आली. तिनं प्रश्न वाचला, डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली आणि फळ्यावर ३x लिहिलं. मग उज्ज्वलाबाईंकडे पाहून तिनं x पुसला आणि तिथे काळजीपूर्वक क्ष काढला.

तीच चूक. वीस वर्षांनी, तशीच्या तशी. उज्ज्वलाबाईंना हसू आवरेना.

"आणि त्या दोन-दोन साड्या? त्या कुठे गेल्या?"

"कुठेच नाही गेल्या, बाई."

"परत आल्या म्हणून लिहिलंय ना? परत म्हणजे काय?"

"वजा!" पाच जणांनी एका सुरात आरोळी दिली.

मागच्या रांगांतल्या बायका हसल्या. उज्ज्वलाबाईंना वाटलं शीतलला हसल्या, पण शीतल गोंधळलेली दिसत नव्हती.

"बाई, साडी परत आली म्हणजे धागा राहिलेला असतो तिच्यात," ती म्हणाली. "ती आमच्याकडेच येते. मम्मी पुन्हा बसते, धागा कापते, मग जाते ती. साड्यांचं पोटलं पुरं झाल्याशिवाय कारखान्याचा माणूस नवं पोटलं देतच नाही. म्हणजे जेवढ्या घेतल्या तेवढ्या द्यायच्याच ना?"

"परत उनी म्हणजे गई नही ना बाई," शोभाबाई मागून म्हणाली. "ती मनीच मांडीवर शे. पास होस तोवर मनीच."

"आमच्याकडेबी तेच, पास होईपर्यंत आपलीच," कोणीतरी म्हणालं. "चार-चारदा येते एकेक मेली!"

सगळा हॉल बोलू लागला. कोणाची साडी किती वेळा परत आली, कोणाच्या सुनेनं धाग्याबरोबर साडीच कापली. उज्ज्वलाबाई फळ्यापाशी उभ्या राहिल्या. त्या गल्लीतून त्या शेकडो वेळा गेल्या होत्या. एकदाही उंबऱ्यावर बसून विचारलं नव्हतं की परत आलेल्या साडीचं पुढे काय होतं.

तेवढ्यात अश्विनी जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, त्या साड्या नंतर पुऱ्या झाल्या असं प्रश्नात लिहिलेलं नाही. पुस्तकाप्रमाणे तीन कंसात क्ष वजा दोन हेही धरता येईल. तुम्ही म्हणाल तसं मी मुलांना सांगते."

पुन्हा जिन्यावरचा तो हात! तिनं हिणवलं असतं तर सोपं गेलं असतं, असं उज्ज्वलाबाईंना वाटून गेलं.

"आठवीत तू हेच लिहिलं होतंस," त्या म्हणाल्या.

"हो, बाई."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलायला उठले होते. तुम्ही म्हणालात, खाली बस, परत म्हणजे वजा."

एवढं सगळं आठवणाऱ्या उज्ज्वलाबाईंना हे आठवत नव्हतं. पेपराची चौघडी आठवत होती, दप्तराचा रंग आठवत होता. बाकाशी उठून उभी राहिलेली मुलगी मात्र कुठेच नव्हती.

त्यांनी खडू उचलला. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. खडू त्यांच्या हातात होता. त्या चूक म्हणाल्या असत्या तर निम्म्या आईबापांनी मान डोलावली असती. शेवटी बाई त्या बाई. '३क्ष'पुढे त्यांनी मोठी बरोबरची खूण केली आणि खाली लिहिलं, चारपैकी चार. मग कोणाकडे न पाहता आणखी एकदा लिहिलं, चारपैकी चार.

"हे दुसरे कोणाचे, बाई?" शीतलनं विचारलं.

"आहेत कोणाचे तरी. उशीर झालाय जरा."

अश्विनी खिडकीबाहेर बघत होती. उज्ज्वलाबाई दत्तूभाऊंकडे वळल्या. "शिवणक्लासला माझी बाजू द्या. खिडकीजवळ आहे, सुईत दोरा ओवायला उजेड लागतो."

घरी आल्यावर त्यांनी डोकं दुखतंय म्हणून जेवण टाळलं. अशोकरावांनी आमटीचंही नाव काढलं नाही.

जूनच्या पहिल्या रविवारी साडेआठला उज्ज्वलाबाई साडी नेसून तयार होत्या. "कुठे?" अशोकरावांनी विचारलं. "बघून येते," त्या म्हणाल्या, "कशी शिकवते ती."

त्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. अश्विनीनं फळ्यावर x – १ लिहिलं. तिचा x एका बाजूला कलला होता. हे पाहून उज्ज्वलाबाईंना थोडा आधार वाटला.

"ह्याची गोष्ट?" अश्विनीनं विचारलं. दोघा-तिघांनी सांगितल्या. मग तिनं मागे पाहिलं. "बाई, तुम्ही सांगता?"

एकतीस डोकी मागे वळली. उज्ज्वलाबाईंनी चष्मा सारखा केला.

"ह्या वर्गात क्ष बाकं आहेत," त्या म्हणाल्या. "त्यातलं एक एका मत्सरी म्हातारीनं अडवलंय आणि ती काही उठायची नाही."

पोरं अशी हसली की शिवणक्लासच्या बायकांनी मशिनं थांबवून डोकावून पाहिलं. अश्विनीच्या गोष्टींना हसतात त्याहून मोठ्यानं हसली, असं उज्ज्वलाबाईंना वाटलं. घरी जाऊन त्यांनी ते अशोकरावांना दोनदा सांगितलं.