न्हाणीच्या फरशीची फिर्याद

मित्रांनो, मी एका न्हाणीघराची फरशी आहे. जुनी म्हणावी इतकी जुनी नाही, पण दोनदा घडले आहे, आणि त्यातली पहिली खेप माणसांच्या बेफिकिरीत वाया गेली. म्हणून आज बोलते आहे. तुम्ही साबणाच्या पायांनी आमच्यावर उभे राहता आणि टाइलचा रंग बघता. टाइल म्हणजे माझा नुसता सदरा. खरी मी त्याच्या खाली असते. ढाळ दिलेला कोबा, त्यावर पाणी अडवणारा लेप, म्हणजे कोट, आणि कोपऱ्यातून भिंतीवर चढलेली माझी कड. ते कुणाला दिसत नाही. जे दिसत नाही तिथेच माणसे हात आखडतात.

मी गुजरातेत वढवाणला समरतबांच्या घरी, तळमजल्यावर राहते. बांना एक्क्याऐंशी वर्षे झाली. सकाळी आपल्या हाताने आंघोळ करायची, पूजेची साडी नेसायची आणि देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन पूजा करायची, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम. जुन्या न्हाणीला चार इंचांचा उंबरा होता. त्याला अडखळून बा पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. इस्पितळातून आल्यावर त्यांना आंघोळ घालायला एक बाई ठेवली. बाई भली होती. पण तिने पहिला तांब्या ओतला की बा डोळे मिटून घेत, ते अंग पुसून होईपर्यंत उघडत नसत.

बांची नातसून जिगीषा दारातून हे बघत असे. तिच्या कडेवर दहा महिन्यांची मुलगी असायची. तिसऱ्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, "बांना आपल्या हाताने आंघोळ करता आली पाहिजे. वरच्या खोलीचा रंग राहू दे या वर्षी."

अशी मी ठरले. उंबरा नाही, खोलीच्या जमिनीला सपाट, पाय सरकू नये म्हणून खरखरीत टाइल, धरायला दांडी, बसायला चौरंग आणि वर शॉवर.

काम दिलसुखभाईंना दिले. गावात त्यांचे नाव होते. त्यांनी जुनी फरशी फोडली, कोबा केला. ढाळ चांगला दिला, ते मी नाकारत नाही. मग कोट आला. त्याचे दोन हात द्यायचे, दुसरा पहिल्याला आडवा. कोपऱ्यात जाळीची पट्टी दाबायची. शॉवरच्या भिंतीवर माणसाच्या उंचीइतका कोट न्यायचा. हे सगळे डब्यावर लिहिलेले होते आणि जिगीषाने मुलीला थोपटत थोपटत ते वाचले होते. दिलसुखभाईंनी एकच हात फिरवला, भिंतीवर चार बोटे चढवला आणि ब्रश धुवायला टाकला. तिने विचारले तेव्हा ते म्हणाले, "बेन, डबा वाचून घरं बांधता आली असती तर आम्ही शेंगा विकायला बसलो असतो."

सगळे हसले. तीही कसनुशी हसली.

एक गोष्ट मात्र तिने धरून ठेवली. कोट वाळला की पाणी जायच्या मोरीचे तोंड बंद करून माझ्यावर दोन दिवस पाणी भरून ठेवायचे, ते उतरते का बघायचे आणि मगच टाइल लावायची. दिलसुखभाईंना पर्युषणाआधी दुसरे काम उरकायचे होते. ते तडक बांच्या खाटेपाशी गेले आणि म्हणाले, "बा, वहू म्हणते दोन दिवस कच्चं पाणी साचवून ठेवा. चोमासा चाललाय. तुम्ही सांगाल तसं."

या घरात प्यायचे पाणी गाळून भरतात. कच्चे, म्हणजे न उकळलेले पाणी उघडे साचू देत नाहीत, त्यात जीव पडतात म्हणून. बा दुसरे काय म्हणणार? नको भाई, म्हणाल्या. दिलसुखभाई परत आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले की माझी काही ना नव्हती, बांचा धर्म आडवा आला. दिवे लागायच्या आत माझ्यावर टाइल बसल्या.

मित्रांनो, मला राग येतो तो इथे. स्वतःचा आळस एका म्हातारीच्या श्रद्धेआड लपवायचा, आणि वर पुन्हा तिच्यावर उपकार केल्यासारखे बोलायचे!

पहिल्या दिवशी बा दांडी धरून एकट्या आत आल्या, चौरंगावर बसल्या आणि शॉवरचे पाणी पायावर घेतले. त्यांचे डोळे उघडे होते. मी सुखावले, खोटे का बोलू? शेजारपाजारच्या बायका मला बघायला आल्या. प्रत्येकीने दिलसुखभाईंचा नंबर घेतला.

पण माझ्या कोपऱ्यातून पाणी पहिल्याच आठवड्यात आत शिरू लागले होते. मी ओरडू शकत नाही. भिंतीने ते पीत पीत पलीकडे नेले. पलीकडे मुलीची खोली आहे आणि त्या भिंतीला लागूनच तिचे घोडिये, म्हणजे झोळीचा पाळणा. दिवाळीनंतर रंगाला फुगे आले. मुलीला खोकला लागला. जिगीषा दर दोन तासांनी उठून तिच्या छातीला कान लावी. फाल्गुनात घोडिये सरकवले तर मागे वीतभर हिरवे-काळे डाग. लील, म्हणजे शेवाळ, धरली होती.

दिलसुखभाईंना बोलावले. त्यांनी सांध्यात पांढरे सिमेंट भरले आणि म्हणाले की म्हातारी माणसे पाणी फार सांडतात. माझ्यावर दोन दिवस पाणी ठेवू दिले नाही आणि बांच्या तांब्याभर पाण्याला दोष! घरात मला फुटकी, नासकी म्हणू लागले. मी नासकी नव्हते. मला अर्धी टाकून गेले होते.

ती लील बांनी पाहिली. जीव पडू नयेत म्हणून ज्या पाण्याला नको म्हटले, त्याच पाण्याने भिंतभर जीव धरले होते. दुसऱ्या सकाळी माझ्याकडे आल्याच नाहीत. नातवाने हळूच सांगितले, ही न्हाणी बंद करू, त्या बाईला परत बोलावू, मुलीच्या छातीचा प्रश्न आहे. बा म्हणाल्या, "बोलाव."

तेव्हा जिगीषाने जोरावरनगरचे ओसमानभाई मिस्त्री आणले. त्यांनी थापीच्या मुठीने मला ठोकून पाहिले. कोपऱ्यातल्या टाइल पोकळ वाजल्या. दोन उचलल्या, खाली बोट फिरवले आणि विचारले, "हा कोट केलाय की नजर लागू नये म्हणून काजळाचं बोट लावलंय?"

त्यांची अट एकच होती. पाणी ठेवून बघितल्याशिवाय टाइलला हात लावणार नाही. जिगीषाचा चेहरा उतरला. बांना परत तेच कसे विचारायचे? नवऱ्याने सुचवले की बांना काही दिवस आत्याकडे पाठवू आणि उरकून घेऊ. ती म्हणाली, लपवून नको. मुलीला मांडीवर घेऊन ती बांसमोर बसली आणि सगळे जसेच्या तसे सांगितले.

बांनी मुलीच्या छातीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "त्या भाईने मला विचारलं कुठे? मला सांगितलं. आणि वहू, तूही तेव्हा दारातच उभी होतीस. बा, दुसरा काही मार्ग आहे का, एवढं एक वाक्य कुणाच्या तोंडून निघालं नाही."

"आता विचारते, बा. आहे का दुसरा काही मार्ग?" जिगीषा म्हणाली.

"तीन उकाळे आणलेल्या पाण्यात चुना टाकला की ते तीन दिवस चालतं, जीव पडत नाहीत," बा म्हणाल्या. "उपाश्रयात साध्वीजींसाठी ठेवतात तसं. तुमच्या मिस्त्रीला दोनच दिवस हवेत ना?"

ओसमानभाईंना ते कळले तेव्हा त्यांनी मान डोलावली. चुन्याचे पाणी चांगलेच, झिरपले तर पांढरी रेघ सोडून जाईल, चोर पकडायला सोपे. बांनी आणखी एक मागितले. लील खरवडायची नाही, आपोआप सुकू द्यायची. ओसमानभाई हसले. "बा, ओल्या भिंतीवर कोट मला तरी कुठे लावायचाय?"

मग चैत्राचे ऊन येईपर्यंत महिनाभर मी उघडी पडून होते. मुलगी आईबापाजवळ वरच्या खोलीत झोपली. तेवढा महिना बांनी बाईच्या हातून आंघोळ करत पुन्हा डोळे मिटून काढला. हे मात्र कुणी दिलसुखभाईंना जाऊन सांगितले नाही. मी सांगते आहे.

भिंत कोरडी झाली. या वेळी कोपऱ्यात सिमेंटची गोलाई आली, जाळीची पट्टी बसली, कोटाचे दोन हात झाले आणि माझी कड भिंतीवर बांच्या डोक्याच्याही वर गेली. कोट वाळल्यावर अंगणात चूल मांडली. खुर्चीत बसून बा उकाळे मोजत होत्या. दाराशी विटांचा तात्पुरता बांध घातला आणि सहा हंडे निवून माझ्यावर आले. जिगीषाने पेन्सिलीने भिंतीवर रेघ मारली. ओसमानभाईंनी शेजारी त्याच पाण्याने भरलेले एक पातेले ठेवले. हवेने जितके पातेल्यातले कमी होईल तितकेच माझ्यावरचे व्हायला हवे, त्याहून जास्त नको. दोन दिवसांत जिगीषा किती वेळा डोकावली, मी मोजले नाही. पातेल्यातले पाणी केसभर उतरले. माझ्यावरचेही केसभरच. पलीकडची भिंत कोरडी ठाक होती.

ते पाणी साचून राहील म्हणून बांनी गटारात जाऊ दिले नाही, अंगणातल्या कोरड्या मातीवर थोडे थोडे पसरायला लावले. मग टाइल बसल्या.

मित्रांनो, मोठे शहाणपण मी सांगत नाही. तुमच्या घरी काम निघाले तर टाइल निवडण्याआधी तिच्याखाली काय जाते ते उभे राहून बघा. कारागीर हसला तर हसू द्या. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला निर्णय कळवू नका, आधी विचारा. त्यांचा नकार पुढे करून कुणी काम चुकवत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

नव्या टाइलवरच्या पहिल्या सकाळी बा आत आल्या. जिगीषा बाहेर दाराला चिकटून उभी होती. आतला आवाज जरा थांबला की तिचा हात कडीवर जाई.

"वहू," बांनी आतून हाक मारली, "तू तिथेच उभी आहेस ना?"

"हो, बा."

"मग जा. मला आंघोळ करू दे."