लिंबाखालचा भुसा

आमच्या धाकटीचं लग्न एकदा मोडलं आणि पुन्हा त्याच मुलाशी ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. पोरगी सासरी गेली आणि त्याच महिन्यात आमचे हे बर्फाच्या कारखान्यातून निवृत्त झाले. उभा जन्म बर्फाच्या लाद्या ओढलेला माणूस घरात बसून करणार काय? आधी त्यांनी माझ्या स्वयंपाकात लक्ष घातलं. मीठ किती टाकलंस, गॅस मोठा का ठेवलास. शेवटी मी म्हटलं, "तुम्ही जरा मागच्या अंगणात लक्ष घाला बघू."

मागचं अंगण म्हणजे फुटक्या फरशा, एक मोडकी सायकल आणि नळ. लग्नात होतं नव्हतं ते सगळं निघून गेलं होतं, तेव्हा बागेवर खर्च करायचा नाही, असं मी आधीच बजावलं. त्यांना ते उलट आवडलंच. गळक्या बादल्या आणि रंगाचे रिकामे डबे गोळा करून त्यांनी बुडाला खिळ्याने भोकं पाडली. माझ्या डब्यातले धणे लाटण्याखाली रगडून पेरले. बाजारातून आणलेल्या पुदिन्याची पानं मला दिली आणि काड्या मातीत खोचल्या. भाजीवाल्याने फेकलेले पिचके टोमॅटो आणून त्यांच्या बिया खिडकीत वाळत घातल्या. पहिली कोथिंबीर वर आली तेव्हा मला हाताला धरून बाहेर नेलं, जसं काही नातवंडच झालं होतं.

"दिसतंय का?"

"दिसतंय. चटणीला पुरेल का तेवढं सांगा."

शेजारच्या घरात त्यांची थोरली बहीण राहायची. मध्ये फक्त कमरेएवढी भिंत. आई लवकर गेली, तेव्हा या भावाला अक्कांनीच वाढवलं होतं. यांची साठी झाली तरी त्या हाक मारायच्या "बारक्या" म्हणून, आणि हे हातातलं टाकून जायचे. अक्कांच्या घरात त्या, त्यांचा मुलगा आणि सून. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. नवऱ्याच्या हातचं एक लिंबाचं झाड तेवढं अंगणात होतं. बारा महिने लिंबं. गल्लीत कोणाला लिंबू लागलं की अक्कांकडे यायचं. पण अक्का हातावर लिंबू ठेवून वाटेला लावणाऱ्यातल्या नव्हत्या. आधी बसायला सांगणार, घरच्यांची चौकशी करणार, एखादा टोमणा मारणार, मग लिंबू. त्या झाडामुळे त्यांच्या दारात दिवसभर माणूस असायचा. गुडघ्यांमुळे बाहेर पडता येत नव्हतं, तरी गल्लीतली एक बातमी त्यांना चुकत नव्हती.

उन्हाळा वाढला तशी डब्यांतली माती दुपारपर्यंत कोरडी पडायला लागली. रोपवाटिकेतल्या माणसाने यांना सांगितलं, "काका, माती उघडी ठेवू नका, वरून काहीतरी झाका." झालं. दुसऱ्याच दिवशी हे कारखान्यातून भुशाचं पोतं खांद्यावर घेऊन आले. बर्फ वितळू नये म्हणून लाद्या लाकडाच्या भुशात ठेवतात, तो भुसा. जुना झाला की टाकूनच द्यायचा, म्हणून कोणी अडवलं नाही.

"अगं, ज्याच्यात बर्फ टिकतो त्याच्यात ओल टिकणार नाही का?" ते मला म्हणाले. मलाही ते पटलं.

पहिला मान अक्कांच्या झाडाला. भिंत ओलांडून गेले आणि बुंध्याभोवती भुशाची जाडजूड गादी घातली. अक्का खुर्चीवर बसून बघत होत्या.

"बारक्या, झाडाला झोपवतोस का काय?"

"उन्हाचा त्रास व्हायचा नाही आता त्याला. बघच तू."

"मला कधी घातली नाहीस अशी गादी."

उरलेला भुसा मूठ-मूठ आमच्या टोमॅटोच्या डब्यांना. मग दर आठवड्याला एक पोतं यायचं आणि बहुतेक सगळं लिंबाखाली जायचं. अक्का गल्लीभर सांगत होत्या, भाऊ असावा तर असा.

थोड्या दिवसांत लिंबाच्या पानांच्या कडा करपल्या. उन्हाने असेल म्हणून यांनी भुसा वाढवला. मग पानं गळायला लागली, बोराएवढी लिंबं गळायला लागली. आमचीही टोमॅटोची रोपं माना टाकून बसली, पण ती बिचारी फेकलेल्या टोमॅटोची. त्यांचं कोणी मनावर घेतलं नाही. महिनाभरात लिंबाचा नुसता खराटा उरला.

अक्कांनी न्यायनिवाडा केला. त्यांची सून अंगणातल्या नळावर भांडी घासायची आणि ते पाणी वाहत लिंबाकडे जायचं. "साबणाचं पाणी पाजून पाजून मारलं हिने. माझ्या नवऱ्याने लावलेलं झाड." वर्षानुवर्षं ते पाणी तिथेच जात होतं, पण अक्का एकदा बोलायला लागल्या की ऐकायच्या नाहीत. सकाळी सुरू व्हायच्या. भाजी आळणी झाली तरी झाडावर यायच्या, दार जोरात लागलं तरी झाडावर. दारात येणारं कोणी राहिलं नव्हतं, त्यामुळे बोलायला समोर सूनच. मुलगा कामावरून यायचा, दोन्हीकडचं ऐकायचा आणि जेवून झोपायचा.

एका दुपारी सून आमच्याकडे आली. मी शेंगा सोलत होते. तीही बसली आणि सोलायला लागली.

"मामी, खरंच माझ्यामुळे मेलं असेल का हो ते?"

"काहीतरीच काय."

"नाही, पण मी एकदा फरशी धुतलेलं पाणी ओतलं होतं तिथे. औषध घातलेलं. त्याच्याने झालं असेल. मला झोपच लागत नाही. सासऱ्यांना मी बघितलंसुद्धा नव्हतं, आणि त्यांची एवढी एक वस्तू होती, ती…"

हे तेव्हा मागच्या दारात उभे होते. हातातला मग तसाच. मी म्हटलं, "तुम्ही तरी सांगा हो हिला." ते वळून अंगणात गेले.

सून गेल्यावर मी अंगणात आले तर हे वाळलेल्या टोमॅटोच्या डब्यापाशी उकिडवे बसले होते. बोटावर माती घेतली आणि जिभेला लावली. मला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं.

"अहो! हे काय?"

"खारट आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी मला समजावलं. बर्फ गोड्या पाण्याचा असतो, पण तो ज्या डब्यांत गोठवतात ते डबे मिठाच्या पाण्याच्या टाकीत सोडलेले असतात. डबे वर काढले की ते पाणी निथळतं. फरशीवर, पायांवर, भुशावर. "सगळा जन्म त्यात गेला. अंगाला मीठ, कपड्यांना मीठ. मला ते मीठ आहे हेच कळेनासं झालं होतं." टोमॅटोच्या डब्याच्या काठाला पांढरा थर आला होता, तो त्यांनी नखाने खरवडून दाखवला.

"कधी कळलं तुम्हाला?"

ते थर खरवडतच राहिले.

"अहो, कधी?"

"पंधरा दिवस झाले असतील. लिंबाखाली पण असाच पांढरा थर आहे. मी गुपचूप भुसा काढला, खूप पाणी मारलं. मला वाटलं धुऊन जाईल, एखादा कोंब येईल. कोंब आला की सांगू."

"आणि तोपर्यंत ती पोरगी रोज ऐकून घेतेय ते?"

"अक्काने मला वाढवलंय गं. तिला कुठल्या तोंडाने सांगू की तुझ्या बारक्याने मारलं?"

"आहे त्याच तोंडाने सांगा. आत्ता जा."

ते उठले, भिंतीपर्यंत गेले, तिथे हात टेकून उभे राहिले आणि परत आले. उद्या सांगतो म्हणाले. मी म्हटलं, "उद्या दुपारपर्यंत तुम्ही गेला नाहीत तर मी जाईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडे आरडाओरडा झाला. आम्ही जाईपर्यंत सून बॅग घेऊन दारात, मुलगा तिच्या मागे. अक्का खुर्चीवरून म्हणत होत्या, "जा! सावलीला झाड ठेवलं नाहीस, आता घर कशाला ठेवतेस?" सुनेने आमच्याकडे बघितलं. "येते मामा, येते मामी," एवढंच म्हणाली.

हे पुढे झाले आणि तिथेच, सगळ्यांसमोर बोलले. "अक्का, झाड मी मारलं. भुशात मीठ होतं."

अक्का हसल्या. "लहानपणी पण असंच करायचास. दुसऱ्याने दूध सांडलं की मार खायला तू पुढे. तिला वाचवायला खोटं बोलू नकोस."

यांनी लिंबाखालची मूठभर माती आणून त्यांच्यापुढे धरली. "चव घे."

"वेडा झालास का?"

"अक्का, घे."

अक्कांनी बोट टेकवलं. बराच वेळ त्या नुसत्या जीभ फिरवत राहिल्या. सून उंबऱ्यावर थांबली होती. तेवढ्या वेळात अक्का एक शब्द बोलल्या असत्या तर ती थांबली असती, असं मला वाटतं. अक्कांना तो सापडला नाही. मुलाने बॅग उचलली आणि दोघं गेली.

दोघं गेल्यावर अक्का म्हणाल्या, "कधीपासून माहीत होतं तुला?"

"पंधरा दिवस."

"झाड गेलं ते गेलं रे. पण या पंधरा दिवसांत माझ्या तोंडून जे जे गेलं, ते मी आता कुठून परत आणू?"

त्यांनी यांना शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

महिन्याभराने हे अक्कांना रिक्षात घालून सुनेच्या माहेरी घेऊन गेले. मीही होते. सुनेने खुर्ची दिली, पाणी दिलं. अक्का म्हणाल्या, "चुकलं माझं." त्यांच्या तोंडून ते शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. यांनीही हात जोडले. सून म्हणाली, "मामा, असं नका करू. तुम्ही दोघं मोठी आहात." मग हळूच म्हणाली, "तुम्ही भिंतीपलीकडून रोज ऐकत होता ना?" हे हो म्हणाले. तिने चहा केला. मुलाने तिकडेच जवळ खोली घेतली होती, ती सोडली नाही.

त्यानंतर अक्कांचं जेवणखाण आमच्याकडूनच जायचं. हे दोन्ही वेळा ताट घेऊन भिंतीवरून जायचे, समोर बसायचे, आणि दोघं भाऊ-बहीण हवापाण्याचं बोलायची. अक्कांनी पुन्हा कधी यांना बारक्या म्हटलं नाही, नावाने हाक मारायच्या. ते यांना फार लागलं. कोथिंबीर, पुदिना यांनी उपटून टाकला नाही, पण पाणी मलाच घालावं लागायचं.

अक्का त्याच वर्षीच्या थंडीत, रविवारी सकाळी, खुर्चीतच गेल्या. हे त्यांच्यानंतर दोन वर्षांनी गेले, पावसाळ्यात.